‘डॉट ५’ हे ‘डॉट ४’पेक्षा वरचढ ऑइल नव्हे : एक खुलासा

मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलवरील ‘डॉट’चा (अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या प्रकाराचा) आकडा जितका मोठा तितके ते उत्तम, म्हणून ‘डॉट ४’ काढून ‘डॉट ५’ भरावे, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलवर आधारित ऑइले आहेत, तर डॉट ५ सिलिकॉनचे असून ते त्यांच्यात मिसळत नाही आणि पाणीही शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी कॅलिपरसारख्या (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या) खालच्या भागात साचते, तिथे गंज धरतो, आणि ब्रेक तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन ब्रेकचा लिव्हर ऐन वेळी पोकळ लागू शकतो, म्हणजे दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. डॉट ५मध्ये हवेचे बुडबुडेही सहज अडकतात, म्हणून एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांना ते चालत नाही.

अधिक उष्णता सोसणारे ऑइल हवेच असेल, तर उत्पादकाची परवानगी पाहून डॉट ५.१ घ्यावे : त्याचा किमान उत्कलनबिंदू २६० अंश सेल्सिअस, तर डॉट ४चा २३० अंश असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या काही जुन्या गाड्यांत मात्र मुळातच डॉट ५ असे. त्यांत डॉट ४ ओतणे तितकेच चूक आहे. योग्य प्रकार ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो.