क्रांतीत उतरताय? आधी पोस्टिंग बघा

क्रांती करायचीच असेल तर खुशाल करा, पण सापाता वगैरे बनायला जाऊ नका. मेक्सिकोच्या क्रांतीत पुढाऱ्यांचं काय झालं बघा, सापाता १९१९ ला, कारान्सा १९२० ला, पांचो व्हिया १९२३ ला आणि ओब्रेगोन १९२८ ला, सगळे गोळ्या खाऊन गेले. पुतळे उभे राहिले म्हणा, पण पुतळ्याला भाडं येत नाही. तुम्ही त्याच क्रांतीतले जनरल आबेलार्दो रॉद्रिगेस व्हा, जे पुढे राष्ट्राध्यक्षही झाले.

पहिली गोष्ट, जन्म मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातच घ्या, कारण पुढचे साहेब लोक तिथलेच निघणारेत. १९१३ ला फौजेत शिरा, जनरल व्हा, मग राजधानीत खुर्चीसाठी मारामाऱ्या चालल्या असताना तुम्ही गुपचूप अमेरिकेच्या सीमेवरच्या मेक्सिकन बाहा कॅलिफोर्नियाला बदली घ्या. लोक म्हणतील कुठे त्या ओसाड वाळवंटात चाललाय! म्हणू देत. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी आहे, आणि तुमचं तिहुआना शहर बरोब्बर बॉर्डरला चिकटून आहे, म्हणजे पलीकडचं अख्खं अमेरिकन कॅलिफोर्निया तहानलेलं आणि नळाची चावी गव्हर्नरच्या खिशात. १९२३ ला गव्हर्नर झालात की बार, जुगार, रेस सगळ्यावर कर लावा, त्यातून रस्ते, शाळा, धरण बांधा (हे खरंच बांधायचं हं, नाहीतर नाव कशाला देतील), आणि १९२८ ला तिहुआनात आग्वा कालिएंतेचा आलिशान कॅसिनो उघडला की त्यात स्वतःचा पण वाटा असू द्या. समाजवाद भाषणात ठेवा, तिथे तो छान दिसतो.

आता राष्ट्राध्यक्षपद. ते मागायचं नाही, मिळतं. १९३२ ला राष्ट्राध्यक्ष ऑर्तिस रुबियोने राजीनामा टाकला, खरी सत्ता माजी राष्ट्राध्यक्ष कायेसकडेच, तेव्हा तुम्ही फक्त खुर्चीत बसा, किमान वेतनाचा कायदा वगैरे करा आणि १९३४ ला शांतपणे उठा. उठणं महत्त्वाचं! पुढच्या राष्ट्राध्यक्ष कार्देनासने १९३५ ला जुगार बंद केला, कॅसिनोच्या जागी पुढे शाळा भरली, आणि १९३६ ला तर खुद्द कायेसलाच विमानात बसवून देशाबाहेर पाठवलं. तुम्हाला मात्र काय, तिहुआनाच्या विमानतळाला तुमचंच नाव.

एवढ्यावर थांबू नका. १९४३ ला परत गव्हर्नर व्हा, यावेळी आपल्या सोनोराचेच, आणि १९४८ ला तब्येत बरी नसते असं सांगून राजीनामा द्या, मग सॅन दिएगोजवळ ला होयामध्ये १९६७ ला वारेपर्यंत अजून १९ वर्षं निवांत जगा.