कातळशिल्पांत चुना भरू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

रत्नागिरी-राजापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि ताई मुलांना घेऊन बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जायला निघाली, म्हणून हे लिहितोय. मेसेज सांगतो की एका फँटसी गेममध्ये दहा हजार वर्षांपूर्वीचं कोकणचं साम्राज्य दाखवलंय, लोखंडी तलवारी, बुरूज, विमानं यांच्यासकट. कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या जांभ्या दगडात कोरलेली जुनी चित्रं, ही म्हणे विमानं उतरवायच्या खुणा. देवाचे गोठणे गावात होकायंत्राची सुई फिरते, म्हणजे परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले. हा ‘सामान्यांसाठी सोपा केलेला खरा इतिहास’ आहे. आणि शेवटी सल्ला: रेघांत चुना भरा, म्हणजे व्हिडिओ गेमसारखा दिसेल.

आधी चुन्याचंच बोलू, कारण बाकीची थाप उद्या विसरली जाईल, हे नुकसान राहील. जांभा सच्छिद्र दगड. चुना त्या भोकांत शिरला की पाणी ओतून निघत नाही. मग कोणीतरी ब्रश घेऊन घासतो आणि रेघेची कडच झिजते. संशोधक वाचतात ती नेमकी ही कड: घाव कुठून पडला, कोणती रेघ आधीची, कोणती नंतर कोरलेली. ऑइलपेंट तर त्याहून वाईट. शिवाय चुना भरायला बसणारे चित्रावरच पाय देऊन बसतात. चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी) आणि सड्यावरून जाणाऱ्या गाड्या यांनी आधीच पुरेसं खाल्लंय. चित्र नीट बघायचंय तर सकाळी लवकर किंवा ऊन कलताना जा. तिरप्या उन्हात रेघेत सावली पडते आणि आख्खं चित्र उठून दिसतं. चुन्याची गरजच नाही.

आता विमानं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब नि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगातच कितीतरी प्राणी कोरलेले. बारसूला मधे माणूस, दोन बाजूंना दोन वाघ. इतरत्र गेंडे आहेत, मासे आहेत. यात धावपट्टी कुठे दिसली? ज्यांनी ही चित्रं काढली त्यांनी शेतीसुद्धा काढलेली नाही. जनावरांच्या मागावर जगणारी माणसं होती ती, असं संशोधक मानतात.

तलवारींचं एका ओळीत संपतं: दहा हजार वर्षांपूर्वी जगात कुठेच लोखंड गाळत नव्हते. बुरूज सरळ सिंधुदुर्गावरून उचललेत, आणि सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं १६६४ साली.

एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मान्य करतो. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीपाशी होकायंत्राची सुई फिरते. पण जांभा मुळातच लोहाचा दगड. सुई फिरते म्हणून परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले, हे कुठून आलं?

ज्याला खात्री करायची आहे त्यानं युनेस्कोची संकेतस्थळावरची नोंद वाचावी. २०२२ पासून कोकणची ही शिल्पं जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक. तिथे ना साम्राज्य आहे, ना विमान.

राहिला ‘सोपा इतिहास’. गेमनं इतिहास सोपा करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेमनं २०१८ मध्ये लढाई काढून टाकून प्राचीन इजिप्त नुसता फिरून बघायची सोय दिली. त्यातल्या शाळेत मुलं-मुली एकत्र शिकताना दिसतात, आणि प्रत्यक्षात तसं नव्हतं, हे तिथेच सांगितलंय. सोपं करणं म्हणतात ते याला. हजारो वर्षांचं अंतर पुसून शिकाऱ्याच्या हातात तलवार देणं म्हणजे सोपं करणं नव्हे, ती बनवाबनवी आहे. कोकणावर गेम करणाऱ्यांनी जरूर करावा, राक्षस घालावेत, जादू घालावी. फक्त सुरुवातीच्या पडद्यावर कोणतं कोरलेलं आहे आणि कोणतं आम्ही रचलंय हे मराठीत लिहावं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: शिल्पावर पाय देऊ नका, रंग भरू नका.