पाडू नका, आधी माळवदावरची माती मोजा

दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट जवळजवळ घेतलाच होता. 30 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 26 हजार. रात्री हिने वहीवर गुणाकार केला, तेव्हा कळलं की बँकेला एकूण साडेबासष्ट लाख जाणार. आणि बार्शीपासून 18 किलोमीटरवर, गावात, वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून आमचं पाच खणांचं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं, घर कुलूप लावून पडलेलं.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पाडून टाक आणि स्लॅब टाक. मातीच्या घरात आता कोण राहतंय?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आम्ही सगळे अंगणात पळालो, आमचं घर उभं राहिलं. किल्लारी-सास्तूरकडे हजारो माणसं दगडमातीखाली गेली. तेव्हापासून आमच्या भागात माळवद म्हटलं की पोटात गोळा येतो.

पण ती घरं का पडली, हे समजून घेतलं पाहिजे. माळवद गळलं की वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आमच्या घरावरून दीड फूट माती निघाली, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या! खाली भिंत दोन पदरी: आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे खडी आणि माती. दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नसला की भिंतीला पोट येतं आणि हादऱ्यात ती उकलते.

भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे अशी घरं मजबूत करायची पद्धत अभियंत्यांनी शिकवली होती. तीच आम्ही केली. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरलं. चौकटींच्या वर आतून-बाहेरून जाळी मारून सिमेंटचा पट्टा घराभोवती फिरवला. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू दिले. कडुनिंबाच्या तुळया शाबूत होत्या, एकच बदलली. वर आता फक्त सहा इंच माती, तिच्या पोटात जाड प्लॅस्टिकचा कागद. यंदाच्या पावसात एक थेंब आला नाही. सवण्यातून, म्हणजे माळवदातल्या झरोक्यातून, पूर्वीसारखाच उजेड येतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी आत पंखा पुरतो.

संडास-बाथरूम, वायरिंग धरून खर्च 6 लाख 40 हजार. निम्म्याहून जास्त मजुरी, म्हणजे पैसा गावातच राहिला. कर्ज मात्र मिळालं नाही. बँकेतल्या साहेबांनी "भिंती कशाच्या?" एवढंच विचारलं आणि फाइल परत दिली. साठवलेले पैसे आणि हिची भिशी, यावर भागवलं.

मला राग येतो तो "कच्चं घर" या शब्दाचा. घरकुलाला केंद्राच्या योजनेतून 1 लाख 20 हजार मिळतात ते नवं बांधायला. चांगल्या दोन फुटी भिंती पाडून लोक तिथे 269 चौरस फुटांची खोली बांधतात आणि उन्हाळाभर बाहेर बाज टाकून झोपतात. तेवढेच पैसे असं घर मजबूत करायला का मिळू नयेत? ही मागणी आपण ग्रामसभेत मांडली पाहिजे, ठराव करून वर पाठवली पाहिजे.

शहरात नोकरी असलेल्यांना हे जमणार नाही, मान्य. पण तालुक्याच्या गावी नोकरी आणि वीस किलोमीटरवर वडिलोपार्जित घर, असे माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, पैसे घालायच्या आधी वाटणी करा. आमच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, अण्णा आणि काका दोघांची नावं होती. वाटणीपत्र नोंदवलं, गावठाणातल्या घरांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी झालेली होती म्हणून सनद, म्हणजे मालकीचा कागद, काढली, मगच पहिला दगड हलवला. आणि भिंतींना हात लावण्याआधी बांधकामातल्या जाणत्या इंजिनिअरला एकदा आणून दाखवा. दगडाची भिंत प्रत्येक गावात वेगळी असते.

कुणाला आमचं घर बघायचं असेल तर रविवारी या. दुपारचे या, म्हणजे आतला गारवा कळेल.