ताटावरनं उठून जायचं कुठं?

समुद्रातल्या आवाजाचा देवमाशांवर काय परिणाम होतो यावरचा लेख चांगलाय, पण त्यातलं "आवाज वाढला की देवमासे दुसरीकडे निघून जातात, त्यामुळे काळजीचं फार कारण नाही" हे काय पटलं नाही बघा. जातात म्हणजे भरल्या ताटावरनं उठून जातात की ओ! कॅलिफोर्नियाजवळ निळ्या देवमाशांना टॅग लावून सोनारसारखा (पाण्याखालचं शोधायला जहाजं सोडतात तसला) आवाज ऐकवला होता, 2013 ला त्याचा पेपर आला, त्यात खोल पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे बारके जीव) खाणाऱ्यांपैकी काहींनी खाणंच सोडलं आणि वरवर खाणाऱ्यांना मात्र विशेष फरक पडला नाही, म्हणजे त्या वेळी देवमासा काय करतोय यावरपण ठरतं, आणि लेखात नेमकं हेच राहिलं. क्रिल काय सगळीकडं सारखं नसतं, दाट थवा सापडला तरच एवढं मोठं तोंड उघडणं परवडतं त्याला.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात मामांची हयात गेली, तिथं कामगार बोलतच नाहीत, हातानं खुणा करतात, घरी आले तरी टीव्ही फुल्ल. त्यांना कुणी "दुसरीकडं जा" म्हटलं असतं तर पगार कुणी दिला असता? आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी लांब जातो, बाजूला व्हायचं म्हटलं तरी किती लांब जायचं देवमाशानं?