वर्षानुवर्षं तोच खड्डा

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर यंदाही वर्गणीची हाक आली: शाळेत पाचशे रोपं लावायची, बाहेरगावच्यांनी हात सैल सोडावा. मी हॅम्बुर्गहून पैसे पाठवले आणि फुशारकीने आईला फोन केला. ती धानाच्या रोवणीत होती. म्हणाली, "झाडं लावता, पन मे मयन्यात पानी कोन टाकन गा?"

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पारा पंचेचाळिसावर असतो तेव्हाच शाळेला कुलूप. रोप वाळतं, जुलैत त्याच खड्ड्यात नवं लागतं, नवा फोटो निघतो. राज्याने 2017 ते 2019 या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यातली आज किती उभी आहेत हे ज्याने-त्याने आपल्या गावात फिरून पाहावं.

पर्यावरण शाळेत सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलं. ग्रुपवरचा वाद अजून तिथेच: मार्क द्यायचे की श्रेणी? मला तो वाद पोकळ वाटतो. कसं, ते सांगतो.

माझी लेक इथे हॅम्बुर्गात चौथीत आहे. त्यांच्या वर्गात एक थर्मामीटर टांगलेलं असतं. हीटर सुरू असताना खिडकी उघडी राहिली तर पोरंच ओरडतात. इथे 1994 मध्ये एक योजना आली: शाळेने वीज, पाणी, कचरा यांवरचा जो खर्च वाचवला, त्यातला अर्धा पैसा शाळेलाच मिळायचा. अशाने पोरांना हिशेब कळतो आणि तो खराखुरा असतो. बाकी या लोकांचं फार कौतुक नको. याच शहराने 2015 साली कोळशावरचं नवंकोरं वीजकेंद्र सुरू केलं आणि सहा वर्षांत कायमचं बंद केलं. माणशी कार्बन तर जर्मन माणूस आपल्या तिप्पट-चौपट सोडतो. माझ्या लेकीला थर्मामीटर वाचता येतं, पण आम्ही दरवर्षी विमानाने गावी येतो ते तिच्या वहीत कुठेच नसतं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, म्हणजे तलावांचं. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे गावचे जमीनदार), त्यांच्या पाण्यावर खालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नाव पडलं 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. गाद साचली, बेशरमाची झुडपं माजली. माझ्या लहानपणी आजोबा पाळीवर उभे राहून नुसत्या नजरेने सांगत, यंदा शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचणार की नाही. शाळेत मात्र आम्ही जलचक्राची आकृती काढायचो. तलाव शाळेपासून दोनशे पावलांवर होता. गुरुजींनी आम्हाला तिथे एकदाही नेलं नाही. गुरुजी वाईट नव्हते, त्यांच्या मागे जनगणना होती, निवडणूक होती, खिचडीचा हिशेब होता.

आणि हे शिक्षण आपल्याला परकं तरी कुठे आहे? हातातल्या कामातून शिकवा, हा विचार 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेतच मांडला गेला. भंडाऱ्याहून वर्धा काही हॅम्बुर्गइतकं लांब नाही.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं: उरलेल्या वर्गणीतून तलावाच्या भिंतीवर फुटाच्या खुणा रंगवू. दर सोमवारी सातवीच्या पोरांनी पाणी मोजावं आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. तलावाचं पोट, म्हणजे पाण्याखालची जमीन, पूर्वी कुठवर होतं ते म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर काढावं.

रोपांच्या फोटोंवर फुलं-हात-नमस्कारांचा पाऊस पडला होता. माझ्या या सूचनेवर दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचा फोन आला. खुणा रंगव, म्हणाला, पण ते नकाशाचं राहू दे भाऊ. त्याची दीड एकर बांधी तलावाच्या पोटात आहे. तिच्या शेजारची आमची.