हसायचं गाणं, रडक्या तोंडानं

येळवस, म्हणजे आमच्या लातूरकडची वेळा अमावस्या, शेतात कडब्याची कोपी करून पुजायचा सण, जवळ आली की मला फोन सुरू होतात. "सर, यंदा कोपीपुढं एखादं विनोदी गाणं होऊन जाऊ द्या की." जणू विनोदी गाणं म्हणजे आंबिलीची बिंदगी, उचलली की ओतली.

औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवतो आणि 22 वर्षांपासून गॅदरिंग, हळदी, गणपती, येळवस यांना गाणी लिहून देतो. दुःखाचं गाणं माझ्याकडून एका रात्रीत होतं. माय, उंबरठा, सुकलेलं ढेकूळ, न आलेला पाऊस, एवढं सामान टाकलं की लोक डोळे पुसतात. नाही पुसले तरी कुणी येऊन म्हणत नाही की सर, मला रडू आलं नाही. विनोदी गाणं फसलं की मात्र तिथंच, मांडवातच कळतं. हलगी वाजतीय, गाणारा हातवारे करतोय आणि समोर पाव्हणे मयताला बसल्यासारखे बसलेत. हे मी अनुभवलंय. एकदा नाही.

पहिली खोडी आपल्या भाषेतच आहे. मराठी वाक्य क्रियापदावर थांबतं, म्हणून यमकही तिथंच पडतं. आला, गेला, केला, मेला. मजेचा शब्द मात्र बहुतेक वेळा नाम असतो आणि तो बिचारा ओळीच्या पोटात चेंगरून जातो. माझंच उदाहरण देतो. बोअरवर गाणं लिहीत होतो. आमच्याकडं तळहातावर नारळ ठेवून पाणी बघणारे बाबा असतात. नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचा. पहिला खर्डा असा होता:

सातशे फूट बोअर घेतला, थेंब नाही निघाला
बाबाच्या दारी टँकर आला, बाबा पळून गेला

वाचा आणि सांगा हसू आलं का. टँकर आहे, बाबा आहे, सगळं आहे, पण "आला" आणि "गेला" यांनी माती केली. दोन दिवस डोकं खाजवून असं केलं:

बाबानं दावली जागा, म्हणला हितं पावंल शंकर
सातशे फुटाला फुफाटा, बाबाच्या दारात टँकर!

याला मांडव हसला. क्रियापद उचलून आत ढकललं आणि टँकर शेवटी आणला, एवढंच केलं. शंकर आधी आणि टँकर मागून, हा क्रमही महत्त्वाचा. उलटं करून बघा, टँकर आधी आला की शंकर नुसता यमकापुरता येऊन उभा राहतो.

दुसरी अडचण थांबण्याची. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधून मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभर आणि बाहेरही नेली. तो बोलण्याचा प्रयोग. हशा आला की नट थांबतो, पाणी पितो, हशा ओसरला की पुढचं वाक्य. हलगी थांबत नाही. तिसऱ्या ओळीला लोक हसले की चौथी ओळ हशात बुडाली. म्हणून आता मी हशाच्या लगेच पुढं फालतू ओळ टाकतो, मुद्दाम, ऐकू नाही आली तरी चालेल अशी. एकदा एका साहित्यिक मित्रानं वही चाळून नेमकी तीच ओळ दाखवली आणि म्हणाला, "ही भरतीची वाटते." मी म्हणलं, "भरतीचीच आहे बाबा, पगारी आहे."

पण खरी परीक्षा धृपदाची. विनोद दुसऱ्यांदा ऐकला की अर्धा, तिसऱ्यांदा तर अंगावर येतो. आणि धृपद तर पाच वेळा येणार! हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. सगळ्यात भारी कोटी मी धृपदात घालायचो आणि शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ती शिळ्या भाकरीसारखी कडक व्हायची. उत्तर पैठणलाच होतं, चारशे वर्षांपासून. नाथांचं रोडग्याचं भारूड आठवा. धृपदात एक साधा नवस आहे, भवानीला रोडगा वाहीन म्हणून. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण अंतऱ्यात ती सासुरवाशीण सासऱ्यापासून सुरुवात करते आणि एकेकाला वाटेला लावायला सांगते. नणंदेच्या पोराला खरूज मागते, शेवटी दादलाही सोडत नाही, आणि दर वेळी परत तोच भाबडा नवस. मागणी वाढत जाते, देवीला मिळणार तेवढाच रोडगा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा! त्याच्या बदल्यात अख्खं घर रिकामं करून पाहिजे. धृपद बदलत नाही म्हणूनच हसू येतं. नाथांना त्यातून परमार्थ सांगायचा होता हे खरंच, पण मला कारागीर म्हणून दिसतं ते हे, की ती बाई एकदाही हसत नाही. ती पोटतिडकीनं मागतीय. हसायचं काम ऐकणाऱ्याचं.

आता माझी सगळ्यात मोठी फजिती. 2016 चा उन्हाळा. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी मार्चमध्ये जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच दिवसांत एका हळदीला मी पाण्यावर गाणं लिहिलं. जावई हुंड्यात घागर मागतो, नवरीला पाण्याच्या वाफेनं आंघोळ घालतात, असलं काय काय. कुणीच हसलं नाही. एक म्हातारी मावशी म्हणाली, "लेका, रेल्वेनं पाणी येऊलालंय. तू त्याच्यापेक्षा काय मोठं सांगूलालास?" पाणी आगगाडीत बसून गावाला येतं, ही गोष्ट मी त्याच्या दहा वर्षं आधी गाण्यात घातली असती तर लोकांनी अतिशयोक्ती म्हणून टाळ्या दिल्या असत्या. ती खरी झाल्यावर माझ्या वाफेच्या आंघोळीला कोण विचारतो? मग त्याच मावशीनं विहिणीला चिडवायचं जुनं गाणं धरलं. तोंडावरची सुरकुती न हलवता. विहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

हे लिहिताना एक राग काढून घेतो. हल्ली आमची बोली हाच विनोद समजतात. "करूलालो, जाऊलालो" अशी यमकं जुळवायची, टोपी वाकडी घालायची, झालं गाणं. अरे बाबांनो, याच बोलीत आम्ही सोसायटीचं कर्ज काढतो, पोरीची सोयरीक ठरवतो, माणूस गेला की याच बोलीत रडतो. तिचा नुसता आवाज ऐकून हसणारा आमच्या गाण्याला हसत नाही, आम्हाला हसतो. द्व्यर्थी गाण्यांबद्दल तर बोलतच नाही. तो हशा आधीच माणसाच्या मनात असतो, लिहिणाऱ्याला नुसतं दार उघडायचं असतं. काळ्या नवरीवर, तोतऱ्या माणसावर मीही लिहिलेलं आहे. गॅदरिंगला तोतऱ्याचं गाणं सगळी शाळा डोक्यावर घेत असताना एक पोरगं मान खाली घालून बसलेलं दिसलं. ती वही मी पुन्हा काढली नाही.

तर यंदाच्या येळवशीला गाणं सोयाबीनवर आहे. धृपद जमलंय, एकदम सरळ तोंडाचं: शेतकरी बाजाराला निघताना बायकोला विचारतो, येताना काय आणू? पहिल्या अंतऱ्यात ती लुगडं सांगते, दुसऱ्यात चहापत्ती. तिसरा अडलाय. ओळीच्या शेवटी 'हमीभाव' आलाय आणि त्याला जोड सापडत नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा. 'अभाव' नको, ते मीच लिहून खोडलंय.