गच्चीवरच्या तेजोमेघाला ‘फोटोशॉप’ म्हणण्याआधी

हिवाळा आला, कुणी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचा) फोटो टाकला, की पाठोपाठ एक मजकूर ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच: ‘शहरातल्या गच्चीवरून काढलेले आकाशाचे फोटो खोटे असतात. डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसं दिसेल? रंग तर सरळ फोटोशॉपचे. खऱ्या फोटोला लाखांची दुर्बीण लागते, नाहीतर लडाख गाठावं लागतं. आणि फोनमधला चंद्र एआय बनवतं.’

शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून आधी तेच घेतो. मार्च 2023 मध्ये रेडिटवरच्या एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत असे बारकावे उमटले, जे त्या चित्रात नव्हतेच. चंद्र ओळखून त्याचे तपशील उठावदार करणारी एआय यंत्रणा फोनमध्ये आहे, हे कंपनीनेही नंतर सांगितलं. तेव्हा शंभरपट झूमच्या चंद्रावर शंका घ्या, जरूर घ्या. पण त्यावरून गच्चीवरचा प्रत्येक फोटो बनावट कसा ठरतो? चंद्र हा लख्ख उन्हात पडलेला खडक आहे. लेन्सचं छिद्र एफ/11, संवेदनशीलता आयएसओ 100 आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर त्याचा फोटो येतो; एआयची गरजच नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही, गुरू-शनीचंही नाही.

आता मुख्य आक्षेप: डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसं दिसतं?

डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या एखाद-दोन दशांशात आलेला प्रकाश वापरतो आणि पुढे जातो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र दहा-वीस सेकंद प्रकाश गोळा करत बसतो. फार वेळ बसला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात, म्हणून छायाचित्रकारांचा ढोबळ हिशेब असा: 500 ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. 50 मिमीची लेन्स फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर असेल तर 10 सेकंद. असे शंभर-दोनशे फोटो काढायचे आणि ताऱ्यांवर तारे बसवून त्यांची सरासरी घ्यायची. याला स्टॅकिंग म्हणतात. तेजोमेघ प्रत्येक फ्रेममध्ये तिथेच असतो. दाणेदार गोंगाट (नॉइज) दरवेळी वेगळा असतो, म्हणून तो विरत जातो. सुधारणा वर्गमुळाच्या पटीत होते: शंभर फ्रेमना दहापट. आकाशात नसलेलं काही यातून जन्माला येत नाही.

शहराचा उजेड? तो अडथळा आहेच. पण त्याची किंमत वेळात मोजता येते. तुमचं आकाश गावाकडच्या आकाशापेक्षा दोन प्रतींनी (मॅग्निट्यूड), म्हणजे साधारण सहापट, उजळ असेल, तर अंधूक वस्तूचा तेवढाच स्वच्छ फोटो मिळवायला साधारण सहापट वेळ लागतो. उजेडाचा थर नंतर वजा करता येतो, त्याचा गोंगाट करता येत नाही, म्हणून ही शिक्षा. ज्यांना घाई आहे ते फिल्टर लावतात: मृगातला तेजोमेघ मुख्यतः हायड्रोजनच्या 656.3 आणि ऑक्सिजनच्या 500.7 नॅनोमीटरच्या रेषांत चमकतो, तेवढेच पट्टे आत घ्यायचे आणि शहराचा बाकीचा उजेड बाहेर ठेवायचा. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुळीला मात्र हा उपाय चालत नाही. ती ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, सगळ्या लांबीच्या लहरींत. मुंबईतल्या गच्चीवरून तिच्यासाठी फार चिकाटी लागते.

रंगांचंही इथेच उलगडतं. मंद प्रकाशात आपण डोळ्यांतल्या दंडपेशींनी पाहतो. त्यांना रंग कळत नाहीत, आणि 656 नॅनोमीटरच्या लालाला तर त्या जवळजवळ आंधळ्या आहेत. फोटोतला लाल रंग हायड्रोजनचा आहे, आपल्याला दिसत नाही हा आपला दोष. हां, हबलच्या धर्तीवर सोनेरी-निळे केलेले फोटो असतात. तिथे प्रत्येक मूलद्रव्याला ठरवून एक रंग दिलेला असतो. प्रामाणिक माणूस ते फोटोखाली लिहितो. न लिहिणाऱ्यांचा मलाही राग येतो.

लाखांच्या दुर्बिणीबद्दल फार बोलायला नको. मृगाच्या बाणाच्या जरा खाली दिसणारा तेजोमेघाचा तो पुसट ठिपका टिपायला जुना डीएसएलआर, 50 मिमीची साधी लेन्स आणि ट्रायपॉड पुरतो. सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही स्टॅकिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत.

लडाखचा मुद्दा मात्र गमतीचा आहे. तिथलं हानले सुमारे साडेचार हजार मीटरवर आहे, हवा कोरडी, अंधार अस्सल; तुलनाच नको. पण आकाशगंगेचं केंद्र धनु राशीत, आकाशातल्या विषुववृत्ताच्या 29 अंश दक्षिणेला आहे. ते हानलेहून जास्तीत जास्त 28 अंशांवर चढतं, पुण्याहून 42 अंशांवर. ओमेगा सेंटॉरी हा अतिभव्य तारकागुच्छ पुण्याच्या दक्षिण क्षितिजावर 24 अंश वर येतो. लंडनकरांच्या नशिबी तो नाहीच. आपली खरी अडचण पावसाळा. केंद्र संध्याकाळी सोयीचं येतं तेव्हा ढग असतात. म्हणून इकडची मंडळी फेब्रुवारी ते मे पहाटे उठतात. आणि आकाशगंगेचा पट्टा मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीतून मिळत नाही, हे मान्य. त्यासाठी शहराबाहेर जावंच लागतं, पण लडाखपर्यंत नव्हे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

बनावट फोटो असतातच, फक्त ते वेगळ्या खुणांनी ओळखायचे. उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या किल्ल्याच्या डोक्यावर आकाशगंगेचं केंद्र दिसलं, तर ते चिकटवलेलं आहे. महाराष्ट्रातून ते कायम दक्षिणेच्याच बाजूला राहतं. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधल्या काळ्या भागात तारा चमकत असेल, तर तो चंद्राच्या आरपार दिसतोय म्हणायचं. पौर्णिमेचा चंद्र आणि धुळीच्या रेषांसकट झळाळती आकाशगंगा एकाच फ्रेममध्ये असेल, तरीही भुवई उंचवा. तरी खात्री नसेल, तर फोटो काढणाऱ्याला विचारा: किती फ्रेम, किती सेकंदांच्या, कुठून, आणि एखादी रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली) दाखवता का. खरा हौशी माणूस हे विचारल्यावर खूश होतो आणि मग तासभर सोडत नाही.